न वाचता दिलेला शेरा

मी एक जुनी वही आहे, मित्रांनो. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं? अहो, पण मी गणिताची नाही की भूगोलाची नाही. मला म्हणत 'मनाची वही'.

छापखान्यात माझ्यावर रेघा आखल्या, पाठीत पिना ठोकल्या (आई गं!) आणि गठ्ठ्यात बांधून मला शाळेत आणलं. तिथल्या बाईंनी मुलांना सांगितलं, "रोज सकाळी मनात येईल ते लिहायचं. मार्क नाहीत."

मी आले एका बडबड्या मुलीच्या वाट्याला. बडबडी म्हणजे पूर्वीची हं! सगळे तिला चिमणी म्हणत. पण वडील वारले आणि तिच्या तोंडाला कुलूपच लागलं. घरी आईशीसुद्धा ती हूं की चूं करत नव्हती. माझ्यात मात्र लिहायची; मांजर, पोटदुखी, असलंच काहीबाही. मला वाटायचं, लिही गं बाई, खरं काय ते लिही.

एके दिवशी तिने लिहिलं, 'बाबांचा आवाज मला आता नीट आठवत नाही. आईला सांगितलं तर ती रडेल.'

बाईंपुढे वह्यांचा डोंगर, त्यात शाळा सुटलेली. हाताची जुनी सवय! त्यांनी बरोबरची खूण केली, 'छान!' असा शेरा मारला आणि पुढची वही ओढली. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. पण वहीला तोंड कुठलं?

चिमणीने तो शेरा पाहिला. दुसऱ्या दिवशी माझं पान कोरं. त्यानंतरही कोरंच.

कोरी पानं बघून बाई चपापल्या. मागची पानं उलटली आणि ती दोन वाक्यं आता कुठे नीट वाचली. मग मला घेऊन चिमणीच्या बाकावर आल्या.

"मी न वाचताच छान लिहिलं. चुकलं माझं."

"छान नव्हतंच ते, बाई."

"नव्हतंच. कसा होता गं बाबांचा आवाज?"

"मला हाक मारताना... घोगरा," एवढं चिमणी म्हणाली आणि हमसून हमसून रडली. बाईंनी तिला रडू दिलं.

संध्याकाळी तिने स्वतःच ते पान आईपुढे उघडलं, बाबांच्या घोगऱ्या हाकेचंही सांगितलं. आई रडली, तिला भीती होती तशीच. मग डोळे पुसत म्हणाली, "घोगरा नव्हता गं. तुला हसवायला मुद्दाम तसा काढायचे ते."

त्या रात्री दोघी किती बोलल्या!

आता माझी पानं संपली आहेत. मित्रांनो, एवढंच मागते: कुणी मन उघडून तुमच्या पुढ्यात ठेवलं, तर आधी वाचा. शेरा नाही सुचला तरी चालेल.