बरोब्बर पंधरा

नर्सिंगचा परवाना घरी आला त्या दिवशी आईने तो लॅमिनेट करून आणला आणि आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. गॅस सिलिंडरवालासुद्धा सुटला नाही. पोरगीही काही कमी नव्हती. सरावाच्या नावाखाली तिने घरातल्या प्रत्येकाचे मिनिटाला किती श्वास होतात ते मोजून काढले. वडिलांचे सतरा, आईचे एकोणीस. आत्याचे मोजताच आले नाहीत, कारण आत्या बोलताना श्वास घेतच नाही.

वॉर्डात तिला पहिल्याच दिवशी ‘नवी’ हे नाव चिकटले. “नवी, बेडपॅन!” “नवी, सात नंबरचं सलाईन संपलं!” तीन महिने उमेदवारीचे होते, आणि तोवर ड्युटीच्या तक्त्यावर तिचे नाव पेन्सिलीने लिहिलेले असे. ते आता संपत आले होते, आणि येत्या शनिवार-रविवारकडे इन्चार्ज सिस्टर तिचा शेरा लिहिणार होत्या. शेरा चांगला आला तर नाव पेनाने, नाहीतर खोडरबर आहेच.

आणि इन्चार्ज सिस्टर तर तिच्यावर खार खाऊन होत्या. कारण एकच, नवी श्वास मोजायची. म्हणजे खरोखरच मोजायची, चोवीस पेशंटचे, प्रत्येकाचे पूर्ण मिनिटभर. त्या वॉर्डात श्वासाच्या रकान्यात वर्षानुवर्षे सगळ्यांचे वीसच चालत आले होते. म्हातारा असो, तरणा असो, वीस. मागे एक पेशंट दुपारी घरी गेला, तर संध्याकाळी त्याच्या रिकाम्या कॉटचेही वीस लिहिलेले निघाले.

“नव्याचे नऊ दिवस मी समजू शकते,” इन्चार्ज म्हणाल्या, “पण तुझे तीन महिने होत आले! ताप बघ, बीपी बघ, बोटाला मशीन लाव आणि पुढे सरक. तुझं मोजून होईपर्यंत इथली माणसं बरी होऊन घरी जातील.”

नवी “हो सिस्टर” म्हणायची आणि पुन्हा मोजायची. शिकवणाऱ्या बाईंनी एक वाक्य तिच्या डोक्यात घट्ट बसवले होते. आधी श्वास बिघडतो, मशीन मागाहून सांगते.

अकरा नंबरला एक घड्याळवाले आजोबा होते. चाळीस वर्षे घड्याळे दुरुस्त करून आता न्यूमोनियाने आडवे झालेले. औषधे संपत आली होती, शनिवारी घरी जाणार होते, वॉर्डभर सगळ्यांची टिंगल करत असायचे. त्यांचे श्वास सकाळी पंधरा, दुपारी पंधरा, संध्याकाळी पंधरा. तीन दिवस बरोब्बर पंधरा! बाकीच्यांचे कधी सोळा, कधी अठरा व्हायचे. माणूस इतका नेमका नसतो हे तीन महिन्यांतच नवीला कळले होते.

मग तिच्या लक्षात आले की ती मोजायला उभी राहिली की आजोबा तिच्या खांद्यावरून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात. दोन ठोके श्वास आत, दोन ठोके बाहेर. चार सेकंदांना एक, मिनिटाला पंधरा. शिवाय बाथरूममधून येताना ते नेहमी खिडकीपाशी थांबायचे आणि बराच वेळ बाहेरचे पार्किंग बघायचे. पार्किंगमध्ये बघण्यासारखे काय होते, देव जाणे.

नवीने नर्सिंगच्या शाळेत शिकवलेली युक्ती केली. नाडी मोजायची, मोजून झाली तरी मनगट सोडायचे नाही आणि गुपचूप श्वास मोजायचा.

“नाडी तीस सेकंदांत झाली,” आजोबा म्हणाले. “आता हात सोड. आमची म्हातारी वरून बघत असेल.”

शेरास सव्वाशेर भेटला होता. नवीने सरळच विचारले, “आजोबा, धाप लागते ना तुम्हाला?”

आजोबांनी इकडेतिकडे पाहिले आणि आवाज उतरवला. “हे बघ पोरी, रविवारी माझी ताई येतेय. अकरा वर्षांनी. ब्याऐंशीची झालीय, आता पुन्हा यायची नाही. तिला या लोखंडी कॉटवर भेटू? तू पंधरा मोजलेस, पंधरा लिही. तुझ्या बाकीच्या बाया तर न मोजता वीस लिहितात.”

नवीला फार वाईट वाटले. खोटे तर काही लिहायचेच नव्हते. मोजले होते ते पंधराच. पण त्या रात्री तिला जेवण गेले नाही, आणि जेवण गेले नाही म्हणून आई विचारू लागली, आणि आई विचारते म्हणून आत्या बोलू लागली. आत्या बोलता बोलता म्हणाली की तिचे गजराचे घड्याळ तीन दुकानांनी परत पाठवलेय. नवी ताटावरून उठली ती थेट आत्याच्या कपाटाकडे.

शुक्रवारी दुपारी तिने ते घड्याळ आणि घरातला बारीक स्क्रू-ड्रायव्हर अकरा नंबरच्या पलंगावर ठेवला.

“तीन दुकानांनी हात टेकले, आजोबा. तुमच्याच्यानेही नाही व्हायचं.”

“कोण म्हणतो?” आजोबांनी उशीखालून भिंग काढून डोळ्याला लावले. पाठचे झाकण उघडले. एकेक स्क्रू त्यांनी नवीच्या तळहातावर ठेवला आणि ते त्या चाकांमध्ये असे शिरले की भिंतीवरचे घड्याळ, वॉर्ड, ताई सगळे विसरले. नवी शेजारी उभी राहून मोजत होती. एकतीस. विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजले. तीस.

“हा वॉर्ड आहे की दुकान?” मागून इन्चार्ज कडाडल्या. “उद्या-परवा मला तुझा शेरा लिहायचाय, आठवण आहे ना?”

 नवी हळूच म्हणाली, “सिस्टर, एक मिनिट मोजा. मग हवं ते लिहा.”

इन्चार्जनी रागाने तोंड उघडले आणि आजोबांच्या छातीकडे पाहून मिटले. हातातले घड्याळ वर धरले. कितीतरी वर्षांनी त्या पूर्ण मिनिटभर उभ्या राहिल्या.

तेवढ्यात गजर खणखणला. “चाललं!” आजोबा ओरडले आणि शाबासकीसाठी मान वर केली. दोघीही त्या घड्याळाकडे बघत नव्हत्या.

एक्स-रे झाला. फुप्फुसाशेजारी पाणी साठत होते, ते त्याच संध्याकाळी काढले. शनिवारचे घरी जाणे रद्द झाले. आजोबांनी नवीशी अबोला धरला आणि सूड म्हणून घड्याळाचा एक स्क्रू लपवून ठेवला.

रविवारी ताई काठी टेकत वॉर्डातच आल्या. सगळी हकिकत ऐकून त्यांनी भावाचा कान धरला. “शाळा बुडवायला हा श्वास कोंडून मेल्याचं सोंग करायचा! आई रडायची, मी गुदगुल्या करायचे. अजून तेच? मेला असतास की रे!” मग त्यांनी कान सोडला. त्या पलंगावर बसल्या आणि त्यांनी भावाचा हात हातात घेतला.

थोड्या वेळाने आजोबांनी नवीला खुणावले. स्क्रू तिच्या तळहातावर ठेवला आणि मनगट धरून ठेवले.

“आजोबा, नाडी बघताय?”

“नाडी केव्हाच झाली. श्वास मोजतोय. सव्वीस! एवढी घाबरलीस कशाला? सकाळी त्या बाई इथं बसूनच तुझा शेरा लिहीत होत्या. मी वाचलाय, उलटा. भिंग कशाला असतं?”

“काय लिहिलंय?”

“आधी पंधरावर ये, मग सांगतो.”

नवीने भिंतीवरच्या घड्याळाकडे डोळे लावले. दोन ठोके आत, दोन ठोके बाहेर. तेवढ्यात दारातून इन्चार्जचा आवाज आला. “सिस्टर, तक्त्यावर तुझं नाव पेनानं लिहितेय. आडनावातली वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ?”

नवीने मोकळ्या हाताने ‘एक मिनिट’ अशी खूण केली. ती मोजत होती.