तिसऱ्या अंकातला जोहार

रविवार, १२ मे १९५७. संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटांनी यवतमाळच्या बागेत चाललेलं नाटक तिसऱ्या अंकात थांबलं. राजा सिंहासनावर बसलेला होता, वेशीवरचा वेसकर त्याच्यापुढं उभा होता, आणि राणी यायची ती आली नाही.

वकील वामनराव आणि त्यांची हौशी मंडळी दर उन्हाळ्यात तीन रविवार बागेत एकच जुनं नाटक करत. साठ-सत्तर वर्षांपूर्वी लिहिलेलं, पदांचं, राजेराण्यांचं नाटक. पडदा नव्हता. बागेतला चौथरा हाच रंगमंच आणि दोन बाजूंची मेंदीची कुंपणं ह्याच विंगा. डावीकडच्या मेंदीमागं स्टुलावर नीळकंठ बसे. तो ट्रेझरीत कारकून होता; मांडीवर नाटकाची चोपडी घेऊन, नट अडला की शब्द पुरवायचा, एवढं त्याचं काम. राणीचं काम करणाऱ्या शोभाताई कन्याशाळेत शिकवत. त्यांना पाण्याच्या टाकीमागं उभं राहावं लागे. तिथून चौथरा दिसत नसे. मोठ्यानं बोललेला शब्द मात्र ऐकू येई.

आणि मोठा आवाज सगळ्या मंडळीत एकट्या नागोरावाचा होता. तो कापसाच्या जिनात रुईच्या गाठी उचलायचा. यंत्रांच्या घरघरीवर ओरडून ओरडून गळा तयार झालेला. सेहेचाळीस साली वामनरावांनी त्याला वेसकर म्हणून उभा केला, तेव्हा कोणीतरी म्हणालं होतं, "चला, वेसकर तरी खरा मिळाला!" नागोरावानंही ते हसून घेतलं होतं. राजा विचारी, "वेशीवर कोण आहे?" मग नागोराव बागेच्या फाटकातून लोकांमधून चालत येई, काठी जमिनीवर ठेवी, हात भुईला लागेपर्यंत वाके आणि गर्जे, "जोहार, महाराज!" तिथं टाळी ठरलेली. त्या शब्दावरच शोभाताई टाकीमागून निघायच्या. अकरा उन्हाळे हे असं चाललं.

गेल्या दसऱ्याला नागोराव नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला. त्याच्याबरोबर निम्मी वस्ती होती, उरलेली नंतर आली. वस्तीनं गावकीची कामं सोडली आणि वरच्या जातींना घालायचा जोहारही सोडला. कुणाला वाकून तो शब्द घालायचा नाही, असं बैठकीत ठरलं. त्या ठरावावर पहिला अंगठा नव्हे, पहिली सही नागोरावाची होती. चौथीपर्यंत शिकलेला माणूस होता तो.

तालमीच्या वेळी त्यानं वामनरावांना सांगितलं होतं, "वकीलसाहेब, तो शब्द मी म्हननार नाही."

वामनराव मिशा लावून पाहत होते. आरशातूनच म्हणाले, "बघू. प्रयोग तर येऊ दे."

प्रयोग आला. नागोराव फाटकातून आला, काठी उभीच ठेवली, ताठ राहिला आणि म्हणाला, "महाराज, नमस्कार." ते बागेच्या टोकापर्यंत पोचलं. पण टाकीमागं शोभाताई दुसऱ्या शब्दाची वाट पाहत होत्या. त्या जागच्या हलल्या नाहीत.

नीळकंठाला वाटलं, नागोराव विसरला. अकरा वर्षांत जो एकदाही अडला नाही, तो अडला, म्हणून त्याला घामच फुटला. त्यानं मेंदीतून हळूच शब्द दिला, "जोहार." नागोराव गप्प. पुन्हा दिला, जरा मोठ्यानं. पुढच्या ओळीतले लोक हसले. राजा झालेला भावसिंग सिंहासनावर चुळबुळ करू लागला. तेव्हा नीळकंठ चोपडीसकट स्टुलावरून उठला. मेंदीच्या वर त्याचं डोकं, चष्मा आणि काळी टोपी दिसली, आणि तो गळा ताणून ओरडला, "जोहार, महाराज!"

शोभाताई लगेच आल्या.

सगळी बाग हसली. मागं कठड्याजवळ नागोरावाच्या वस्तीतले लोक बसले होते, तिकडून सगळ्यात मोठं हसू आलं. कोणीतरी ओरडलं, "वा रे वा, बाबू! पुन्यांदा घाला!" नाटक पुढं सरकलं आणि वेळेत संपलं.

नागोराव रंग पुसत असताना नीळकंठ जवळ आला. "विसरलास का रे, नागो?"

"विसरलो नाही, नीळकंठराव. सोडला."

नीळकंठानं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "मला आधी सांगायचंस," एवढंच म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, लाज होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागोरावाच्या घरी मथुराबाईनं भाकर थापता थापता विषय काढला. "म्हनला नाही तं बरंच केलं. पन तुमी आता जाता काहून तिथं? नाटकाआधी नारळ फोडते, आरती करते, अन् तुमी बाजूले उभे राह्यता खांबावानी. तोंडाले रंग लावाची एवढी कायची हौस?"

"हौस हाये. मी कुठी नाही म्हनतो?"

"मंग दुसरीकडं लावा."

"दुसरीकडं कुठी हाये बाग?" नागोराव म्हणाला. तिनं तव्यावरची भाकर उलटली. जिनाचा हंगाम संपला की हा माणूस वर्षभर जपून ठेवलेला आवाज घेऊन तीन रविवारांची वाट बघतो, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं?

मंगळवारी संध्याकाळी वामनरावांच्या ओसरीवर मंडळी जमली. नागोरावालाही बोलावणं होतं, हे पहिल्यांदाच. तो पायरीवर बसायला लागला तर शोभाताईंनी सतरंजीवर जागा करून दिली.

वामनराव शांतपणे बोलले. "हे बघ, नागो, लिहिणारा जाऊन जमाना झाला. त्या काळचा वेसकर तेच म्हणणार. तो शब्द तुझा नाही, त्या वेसकराचा आहे. भावसिंग राजा होतो म्हणून कोणी त्याला मुजरा करतं का?"

"करते ना," भावसिंग म्हणाला. "आमच्या तांड्यात पोट्टे मले राजासाहेबच म्हनते. उधार मात्र कोनी देत नाही."

हशा झाला. नागोरावही हसला, मग थांबला. "वकीलसाहेब, टाळी पडते तवा तुमीच म्हनता, काय जोहार घातला नागोनं! तवा वेसकर कुठी जाते?"

वामनरावांनी पानाचा डबा पुढं ओढला, पण पान लावलं नाही.

"मी दुसऱ्या शब्दावर येईन," शोभाताई म्हणाल्या. "नमस्कारावर येईन. माझी अडचण नाही."

"अडचण तुमची नाहीच. उद्या कोणी म्हणेल, राजा नको. परवा म्हणेल, पदं नकोत. मग उरलं काय?"

तेवढ्यात नीळकंठ म्हणाला, "मी म्हणतो तो शब्द. परवा म्हटलाच आहे. नागोनं नुसतं यावं आणि उभं राहावं. मी मेंदीमागून म्हणेन, लोकांना कळणारही नाही."

ओसरीवरच्या चारदोन माना हलल्या. हे सगळ्यांना सोपं वाटलं. नीळकंठानं अपेक्षेनं नागोरावाकडं पाहिलं. त्याला खरोखरच मदत करायची होती.

नागोराव म्हणाला, "तुमी मनानं चांगले हा, नीळकंठराव. पन लोकं पाहतीन मले अन् ऐकतीन जोहार. मंग तो कोनाचा झाला?"

"मग येऊ नकोस," वामनराव एकदम म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांनी सगळ्यांकडं पाहिलं. "म्हणजे, मी असं म्हणत नाही. मला दुसरा आवाज नाही. फाटकापासून टाकीपर्यंत जाईल असा दुसरा आवाज यवतमाळात नाही, हे मलाही कळतं."

"मले बी दुसरं नाटक नाही," नागोराव म्हणाला आणि उठला.

बैठक ठरावाविना मोडली. वामनरावांनी नीळकंठाकडून चोपडी मागून घेतली. पिवळ्या पडलेल्या त्या पानांवर त्यांच्या वडिलांचं अक्षर होतं. बुधवारपासून शनिवारपर्यंत ती कोणाला पाहायला मिळाली नाही.

शनिवारी दुपारी नीळकंठ सायकलवरून वस्तीत आला. इतक्या वर्षांत तो तिथं प्रथमच येत होता, म्हणून दोनदा घर चुकला. मथुराबाईनं त्याला पाणी दिलं. तो ते प्यायला. मग खिशातून चिठ्ठी काढून त्यानं नागोरावाला दिली.

'श्री. नागोराव यांस, उद्या पाच वाजता रंगायला यावे. वामन.'

नागोरावानं ती दोनदा वाचली. मागं उलटून पाहिलं. मागं कोरं होतं.

"शब्दाचं काय ठरलं?"

"मला सांगितलेलं नाही. चोपडी अजून त्यांच्याकडंच आहे."

"खोडला का?"

"विचारलं मी. म्हणाले, उद्या ये आणि स्टुलावर बस."

मथुराबाई दारातून ऐकत होती. "जाऊ नोका," ती म्हणाली. नागोरावानं चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवली.

रविवार, १९ मे. नागोराव पाचला दहा मिनिटं असताना बागेत पोचला. वामनरावांनी स्वतः त्याच्या तोंडाला रंग लावला. साडेपाचला शोभाताई येऊन विचारून गेल्या, मी कशावर निघू? वामनराव म्हणाले, नागोचा आवाज आला की निघा. सहा वाजता घंटा झाली आणि पहिला अंक सुरू झाला. लोक मागच्या रविवारपेक्षा जास्त होते, कठड्याजवळ तर उभे होते. नीळकंठ मेंदीमागं स्टुलावर बसला होता. पाच मिनिटांपूर्वीच वामनरावांनी त्याच्या मांडीवर चोपडी ठेवली होती, आणि तिसऱ्या अंकाचं पान अजून त्यानं उघडलं नव्हतं.