थोरल्या चिपचं नाव

धाकट्याने कंपायलरला थाप मारली ती भर दुपारी, जेवणाआधी. वय चाळीस झालं तरी घरात आणि कारखान्यात तो धाकटाच.

कारखाना म्हणजे दोन खोल्या. दादा गिऱ्हाइकं सांभाळायचा, वहिनी बोर्डांचं सोल्डरिंग करायची, धाकटा प्रोग्रॅम लिहायचा. शीतगृहातलं तापमान नोंदवणाऱ्या डब्या बनवायचे. नव्या डबीसाठी बॅटरी पुरवून वापरणारी चिप आणली, तर लिहिलेला प्रोग्रॅम चिपच्या भाषेत बांधून देणाऱ्या कंपायलरच्या यादीत तिचं नावच नाही. "ही चिप मला ठाऊक नाही," हे त्याचं एकच पालुपद. तीन दिवस डोकेफोड करून धाकटा वैतागला आणि त्याने त्याच घराण्यातल्या थोरल्या चिपचं नाव ठोकून दिलं. कंपायलरने निमूट प्रोग्रॅम बांधून दिला. डबी चालली. दादाने पाठ थोपटली.

थोरलीची मेमरी दुप्पट होती, हे त्याला माहीत होतं. बघू नंतर, असं म्हणून तो जेवायला बसला.

डब्या परत यायला लागल्या. चार दिवस नोंदी करायच्या आणि मुक्या व्हायच्या. वहिनी बॅटरी काढायची, सगळे सांधे पुन्हा तापवायची, बॅटरी बसवायची, की डबी सुरू! म्हणजे सोल्डरिंगच कच्चं, हे सगळ्यांना पटलं, सगळ्यात आधी वहिनीला. पाचव्या डबीला धाकट्याच्या डोक्यात प्रकाश पडला. मेमरी संपली तरी प्रोग्रॅम पुढे, नसलेल्या जागेत लिहायला जात होता. बॅटरी काढली की सगळं पुसलं जायचं आणि तो पहिल्यापासून सुरू व्हायचा. सांध्यांचा काडीचा संबंध नव्हता.

त्याच क्षणी बोलायचं, तर हा मूग गिळून बसला. आधी दुरुस्त करू, मग सांगू, म्हणे! लाज वाटत होती, दुसरं काही नाही. त्याने नव्या चिपच्या मेमरीचा नकाशा स्वतः लिहिला, कंपायलरच्या यादीत तिला तिच्या खऱ्या नावाने बसवलं. अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांत वहिनीने दोनदा चष्म्याचा नंबर तपासला आणि दीडशे बोर्ड नव्याने तापवले. धाकटा शेजारच्या टेबलावरून पाहत होता.

बाराव्या दिवशी दादा म्हणाला, "सोल्डरिंग बाहेर देऊ या. वय होतंच गं माणसाचं."

"द्या," वहिनी म्हणाली. "माझ्या हाताला नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती. आता मीच ठेवते."

तेव्हा कुठे धाकट्याची दातखीळ सुटली. त्याने सगळं सांगितलं, थाप आणि अकरा दिवसही. दादा लालबुंद झाला. वहिनी मात्र हसली, अगदी मोकळं.

"म्हणजे माझा हात बरा आहे तर! भाऊजी, आधी सांगायचं नाही होय? द्या इकडे तो बोर्ड."

तिने सोल्डरिंग गन तापवली, चष्मा नीट केला आणि टोक सांध्याजवळ नेलं. टोक थरथरलं. तिने हात मागे घेतला, श्वास घेतला, पुन्हा नेला. पुन्हा थरथरलं.

"हे नव्हतं हो आधी," ती हळूच म्हणाली.

धाकट्याने तिच्या हातातली गन घेऊन बंद केली. वहिनीने घेऊ दिली.