तीन ढांगा चाललेली जमीन

"चालली! चालली! जमीन चालली!"

ढोल थांबायच्या आत अख्खं कितोंगो गाव गुडघ्यांवर आलं. अंगणात जागा मिळाली नाही म्हणून जे फणसावर चढून बसले होते, त्यांनीही फांदीवरच जमेल तेवढी मान वाकवली. मधोमध झाडाच्या सालीचं तांबूस वस्त्र पांघरून जाजा बोसा उभा होता, एका हातात वाळक्या भोपळ्याचा तुंबा, दुसऱ्या हातात कोंबड्याची पिसं. जाजा म्हणजे आजोबा किंवा आजी. हा आजोबा जेमतेम चाळिशीचा, पण मेलेल्या पणजोबांशी आपलं रोजचं बोलणं असतं असं सांगत तो गावोगाव फिरायचा, आणि जिथं जायचा तिथं एखादा बकरा कमी व्हायचा.

"मी कोण सांगणारा?" जाजा गरजला. "मी तुमच्या पायांची धूळ! माझ्यावर विश्वास ठेवूच नका! पण आकाशातले उपग्रह खोटं बोलतील का? विचारा त्या मोजणीच्या बाईंना! विचारा त्यांच्या काठीला!"

सगळ्या माना नालवोगाकडे वळल्या.

नालवोगा जिल्ह्याच्या गावाहून आलेली मोजणीदार. हातात उंच काठी, काठीच्या टोकाला पांढरी घुमटी, मध्ये अडकवलेला छोटा पडदा. काठी या हातातनं त्या हातात, त्या हातातनं या हातात, असं तिचं चाललं होतं. सकाळी याच पडद्यानं दाखवलेल्या जागी तिनं हद्दीच्या कोपऱ्याची खुंटी ठोकली होती, आणि ती बरोब्बर हद्दीच्या झाडाच्या बुंध्याशी आली होती. हद्दीचं झाड उपटणं म्हणजे त्या मुलखात आईवरून शिवी दिल्यासारखं. ते कोणी हलवत नाही. मग जाजानं ढोल वाजवायला लावला. तुंबा तोंडाशी नेऊन पूर्वजांशी कुजबुजला, कानाशी नेऊन त्यांचं उत्तर ऐकलं आणि ओरडला, "धरणीमाते, तीन ढांगा चाल!" त्याबरोबर यंत्र पिंपिं करायला लागलं. आकडे भरकटले. पुन्हा स्थिर झाले तेव्हा तोच कोपरा, कागदावरचे तेच आकडे, पण तीन ढांगा पश्चिमेला. थेट नालोंगोच्या स्वयंपाकघरात, चुलीशेजारी.

तिथली दुसरी खुंटी ठोकली तीही नालवोगानंच. यंत्र म्हणतंय तर ती बिचारी काय करणार?

नालोंगो म्हणजे जुळ्यांची आई. त्या बाईला गाव याच नावानं हाक मारायचं. नवरा गेल्यापासून तिच्याजवळ कॉफीची लहानशी बाग, दोन खोल्या आणि अंगणात नवऱ्याची सिमेंटची कबर एवढंच उरलं होतं. नवी हद्द धरली की चूल आणि कबर दोन्ही शेजारच्या धाकट्या दिराच्या, सेकिटोच्या वाट्याला जात होत्या. त्यात जाजाचा निकाल असा, की जिच्या पायाखालून जमीन निघून जाते तिला पूर्वजांनी टाकली. दिवस मावळायच्या आत तिनं गाव सोडावं.

"वहिनी, माझं काही नाही गं," सेकिटो डोळे पुसत म्हणाला. ते कोरडेच होते. "जमिनीलाच तू नकोशी झालीस, त्याला मी काय करू?"

"जमिनीला का तुला?" नालोंगो उसळली. "माझ्या चुलीला पाय फुटले, आणि तुझ्या गोठ्याला नाही फुटले होय रे?"

"पूर्वजांशी वाद घालतेस, बाई?" जाजानं तुंबा उंचावला. तशी शेजारणींनी नालोंगोपासून अंग चोरून घेतलं. कालपर्यंत याच बायका तिच्याकडे विस्तव मागायला येत होत्या.

नालवोगाला ते बघवेना. फोन सारखा थरथरत होता. ऑफिसातला साहेब, दुसरं कोण! शेवटी तिनं उचलला.

"झालं का? खुंट्या ठोका, सह्या घ्या आणि या."

"साहेब, कोपरा सरकलाय."

"यंत्र काय म्हणतंय?"

"यंत्र तेच म्हणतंय."

"मग झालं तर!" फोन बंद.

मग झालं तर! तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. अंगणात दोन येरझाऱ्या घातल्या, काठी भिंतीला टेकवली, परत उचलली. मोजणीच्या कामाचा पहिला धडा काय? काम सुरू करायच्या आधी ठाऊक असलेल्या एखाद्या जागेवर काठी ठेवून बघायची. ती जागा बरोबर आली तरच पुढचं सगळं खरं. पहिल्या खुंटीला झाडानंच साक्ष दिली, म्हणून तिनं मनातल्या मनात ते झालं असं धरलं होतं. पण दुसरी खुंटी ठोकताना? तेव्हा गर्दी, ढोल, पिंपिं... तेव्हा कोणी तपासलं? कोणीच नाही.

ती नालोंगोपुढे गुडघे टेकून बसली, वडीलधाऱ्यांपुढे पोरीबाळी बसतात तशी. "नालोंगो, तुमच्या मालकांच्या कबरीवर काठी टेकवू का? त्यांना काही होणार नाही."

"टेकव बाई. जिवंतपणी त्यांनी पुष्कळ सोसलंय, एक काठी काय!"

काल सगळी जमीन मोजताना नालवोगानं या कबरीवरच्या क्रुसाची जागा नोंदवून ठेवली होती. आज तिथंच काठी धरली आणि तिच्या भुवया वर गेल्या. मग ती जवळजवळ पळतच चर्चच्या पायरीकडे गेली. गर्दी मागोमाग. तिथून सेकिटोच्या परसात, पाण्याच्या सिमेंटच्या टाकीशी. या दोन्ही जागाही कालच मोजलेल्या.

"सेकिटोकाका," ती धापा टाकत म्हणाली, "तुमची टाकीसुद्धा चालली. तीन ढांगा."

"माझी टाकी?" सेकिटो भडकला. "काहीतरीच काय! टाकी कशाला चालेल? भरलेली आहे ती!"

फणसावरचा एक जण खो खो हसला.

"चर्चही चाललंय. कबरही. सगळं एकाच बाजूला, सगळं सारखंच. मग मला सांगा, अख्खं गाव रांगेनं चालायला निघालं आणि कुणाच्या हातातला चहासुद्धा सांडला नाही?"

आता लोक एकमेकांकडे बघायला लागले. जाजा घाईघाईनं म्हणाला, "पूर्वजांची चाल हळुवार असते!"

पण नालवोगाचं तिकडे लक्ष नव्हतं. सगळंच सारखं सरकलं, म्हणजे काहीच सरकलं नाही. सरकला असेल तो मोजणारा. आणि मोजणारा इथं नव्हताच! तो होता दूर टेकडीवर. तिनं चेअरमन मुलिंद्वाला बाजूला घेतलं. गावचा कारभारी तो. पोट मोठं, पण माणूस सरळ.

"चेअरमनकाका, टेकडीवर जा. सकाळी मी तिथं तिपाईवर एक यंत्र मांडलंय, चौथऱ्यातल्या लोखंडी खिळ्याच्या बरोबर वर. काग्वा राखणीला आहे. नुसतं बघा आणि मला फोन करा. कशालाही हात लावू नका."

मुलिंद्वा मोटारसायकलवर बसून गेला. नालवोगा नखं खात उभी राहिली. जाजा आता बकरा आत्ताच कापावा की कसं, याची चर्चा करत होता. फोन वाजला.

"पोरी, चौथरा इकडे आणि तुझी तिपाई तिकडे गवतात! खिळा उघडा पडलाय. आणि हा काग्वा फणस खातोय, मला बघून घासच अडकला त्याच्या घशात."

कुंपणानंच शेत खाल्लं होतं. तिपाई राखायला गावातला माणूस हवा म्हणून काग्वाचं नाव सुचवलं होतं कोणी? सेकिटोनं!

नालवोगानं हळू आवाजात सांगितलं, "काका, फोन चालू ठेवा. सकाळी तिपाईचे पाय रोवले होते ते तीन खळगे दिसतील. मी 'हं' म्हटलं की तिपाईचे पाय त्यातच ठेवा आणि तिच्यावरच्या काचेतला बुडबुडा मधल्या गोलात आणा. काग्वाचा फोन तुमच्याकडे घ्या."

मग तिनं नालोंगोचा हात धरून तिला मधोमध उभं केलं. "आता तुम्ही सांगा जमिनीला. परत ये म्हणा."

"मी? अगं, मला कुठला मंत्र येतोय?"

"येत नाही तेच बरं. कोंबड्यांना बोलावता तसं बोलवा."

नालोंगोनं एकदा कबरीकडे पाहिलं. कमरेचा पट्टा आवळला, टाळी वाजवली. "ये गं बाई, परत ये! भटकलीस तेवढं पुरे झालं!"

"हं," नालवोगा फोनमध्ये म्हणाली.

यंत्र पिंपिं करायला लागलं. आकडे भरकटले. थोड्या वेळानं थांबले. नालवोगानं पडदा बघत बघत काठी चालवत नेली, चुलीपासून अंगणात, अंगणातून हद्दीच्या झाडापाशी. बुंध्याशी सकाळची खुंटी होती, तिला काठीचं टोक जाऊन टेकलं.

मग काय झालं असेल? सगळं गाव पुन्हा गुडघ्यांवर! या वेळी नालोंगोपुढे! "जाजा नालोंगो! जाजा नालोंगो!" मघाशी अंग चोरणाऱ्या बायकाच सगळ्यांत पुढे.

नालोंगोचा तोल सुटला. "उठा! उठा म्हणते ना! लाज नाही वाटत? सकाळी मला हाकलत होतात, आता माझे पाय धरता? या पोरीनं काहीतरी केलंय, ते विचारा की तिला! तोंडं काय शिवलीयत तुमची?"

"काय केलंस, बाई?" फणसावरनं कोणीतरी विचारलं. दिवसभरात त्या गावात विचारलेला तो पहिला शहाणा प्रश्न.

"सांगते," नालवोगा म्हणाली. "उपग्रह आपली जागा सांगतात, पण तीत दोन-चार हातांची चूक असते. म्हणून याच यंत्राचं भावंड मी टेकडीवर ठेवते. त्या खिळ्याची जागा मला पक्की माहीत आहे, ती मी त्याला सांगून ठेवते. ते बघतं, मी खरं इथं, उपग्रह दाखवतात तिथं, म्हणजे आज चूक एवढी. ती चूक ते मोबाइलच्या इंटरनेटवरून या काठीला कळवत राहतं आणि काठी तेवढी वजा करते. आता त्या यंत्राला डोळे नाहीत. कोणी उचलून गवतात ठेवलं तरी ते म्हणणार, मी खिळ्यावरच आहे. इथली काठी ते निमूट खरं धरणार. तिपाई तीन ढांगा सरकली की इथली खुंटीही तीन ढांगा सरकली, त्याच बाजूला. पूर्वी हे रेडिओवरनं चालायचं, तेव्हा ते यंत्र जवळपास ठेवावं लागे, येता-जाता दिसे. आता ते दूर टेकडीआड बसतं, म्हणून ना तुम्हाला दिसलं, ना मी वर जाऊन बघितलं. चूक माझीही आहे."

"थोतांड!" जाजा ओरडला. "मी इथं उभा होतो! टेकडीवर कोणाला काय सांगायला मला पंख आहेत?"

नालवोगानं फोन कानाला लावला. "काका, काग्वाच्या फोनवर सगळ्यात शेवटी ज्याच्याशी बोलणं झालंय, त्याला लावा बरं."

आणि जाजाचा तुंबा गायला लागला.

नाचाचं गाणं होतं, लग्नात वाजतं तसलं. जाजानं तुंबा छातीशी दाबला, पाठीमागे लपवला, सालीच्या वस्त्रात गुंडाळला. गाणं काही थांबेना. फणसावरची मंडळी हसून हसून खाली उतरली.

"उचला, जाजा!" नालोंगो म्हणाली. "पणजोबांचा असेल!"

जाजानं पणजोबांना तसंच वाजत ठेवलं आणि केळीच्या बागेतून धूम ठोकली. सेकिटोला मात्र पळता आलं नाही, त्याचं घरच तिथं होतं.

नालवोगा त्यानंतर स्वतः टेकडीवर गेली, तिपाई खिळ्यावर नीट मांडली, खाली येऊन आधी कबरीवर काठी ठेवून बघितली आणि मगच एकेक कोपरा ठोकला. चारही खुंट्या झाडांच्या बुंध्याशी आल्या. साहेबाचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "साहेब, यंत्र काय म्हणतंय ते नंतर सांगते. आधी यंत्र कुठं उभं आहे ते बघून आले."

माणसाचंही असंच आहे, बाबांनो. कोणी आकाशाचं नाव घेऊन काही सांगितलं की आपण त्या काठीसारखी निमूट वजाबाकी करून मोकळे होतो. सांगणारा कुठं उभा आहे हे बघायला टेकडीपर्यंत जात नाही. निदान पायाखाली एखादी पक्की, ठाऊक असलेली जागा असते, तिच्यावर ते टेकवून तरी पाहावं. जुळत असेल तर खुशाल माना. जुळत नसेल तर सांगणाऱ्याच्या अंगावर कितीही तांबडं वस्त्र असो, गुडघे टेकू नका.

नालोंगोनं संध्याकाळी चुलीशेजारची खुंटी उपटली, गुडघ्यावर ठेवून मोडली आणि चुलीत सारली. केळीच्या पानात गुंडाळलेले कच्च्या केळ्यांचे मटोके तिच्यावर मऊसूत शिजले. शेजारणी विस्तव मागायला आल्या, तेव्हा तिनं त्यांना निखारे दिले.