परत न गेलेली पोती

न्युक मोईने पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तळातली मूठभर मिरी वर काढली. दाणे बोटांना चिकटत होते. दोन दाणे दाताखाली धरले, तर कडकन फुटायच्या ऐवजी ते नुसतेच चेपले.

"छान आहे माल," ती म्हणाली. "घ्या उतरवून सगळा."

समोर उभ्या फांगने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिला. पलीकडच्या देशातल्या सिंकावांगहून निघायचं, टेबेडूचा नाका ओलांडायचा आणि सेरियनच्या बाजारातल्या या दुकानी मिरी उतरवायची, हा त्याचा वीस वर्षांचा शिरस्ता. पूर्वी न्युक मोई त्याची निम्मी पोती परत पाठवायची, आणि पाठवताना शेजारच्या दोन दुकानांना ऐकू जाईल इतकं सुनावायचीही. तीन वर्षांपूर्वी त्याची मुलगी फुई लान तिची सून झाली. तेव्हापासून एकही पोतं परत गेलं नव्हतं.

"जावईबापू दिसत नाहीत," फांग म्हणाला.

न्युक मोईने तोंड उघडण्याआधीच फुई लान आतून बाहेर आली.

"बिंतुलूला आहेत, बाबा. कामावरून सुट्टी मिळेना. मागच्याच आठवड्यात चार दिवस राहून गेले." ती हसली. "तुमची आणि त्यांची चुकामूक ठरलेलीच. बसा, चहा टाकते."

मागच्या दारातून अंगणातली दोरी दिसत होती. तिच्यावर न्युक मोईच्या मुलाचे, क्यून फाचे, तीन शर्ट वाळत होते. बाप यायचा असला की फुई लान सकाळीच ते कपाटातून काढायची, पाण्यात बुचकळून पिळायची आणि बाहेरून दिसतील असे वाळत घालायची. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा न्युक मोईला वाटलं होतं, पोरगी शहाणी आहे, घराची अब्रू राखते. आज मात्र तिला तिकडे बघवेना. मागच्या आठवड्यात कुणी आलं नव्हतं. दीड वर्षात आलं नव्हतं.

तिने स्टूल फांगकडे सरकवलं आणि स्वतः एका पोत्यावर टेकली.

"व्याहीबुवा, क्यून फा तिकडे एका बाईबरोबर राहतो."

फांगचं चष्मा पुसणं थांबलं.

"लग्नाच्या आधीपासून. मला ठाऊक होतं." तिची बोटं पोत्याचा सुटलेला दोरा ओढत होती. "वाटलं, चांगली मुलगी घरात आली की येईल वळणावर. इथल्या कुणाकडे मागणी घातली असती तर त्यांनी चौकशी केली असती. तुम्ही करणार नाही, हे मला माहीत होतं. म्हणून तुमच्याकडे मागितली."

आता हा ओरडेल, असं तिला वाटलं. त्याने ओरडावं, अशीच तिची इच्छा होती.

फांगने चष्मा डोळ्यांवर चढवला.

"मला कळलं होतं," तो म्हणाला. "पहिल्याच वर्षी. इथून पुढे माल नेणाऱ्या ड्रायव्हरने जावईबापूंना बिंतुलूच्या बाजारात पाहिलं. कडेवर मूलही होतं म्हणाला."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

त्याने शेजारच्या पोत्यावर हात ठेवला.

"माझ्या मालात आता पूर्वीचा दम राहिला नाही, विहीणबाई. वाळवायला माणसं मिळत नाहीत. तुमच्याशिवाय कुणी हात लावला असता का?"

कपावर कप वाजला. फुई लान ट्रे घेऊन दारात उभी होती. चहावरची वाफ केव्हाच विरली होती.

फांग धडपडत उठला. "लान, ट्रक एक वाजता निघतोय. कपडे भर तुझे. चल."

तिने ट्रे तराजूशेजारी ठेवला.

"मी कुठे येऊ, बाबा? हे सगळं ठाऊक असून जिथून दर खेपेला तुम्ही इथे येत होतात, तिथे?" तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही वेळेवर निघा. नाक्यावर रांग लागते. आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला पाठवा."

फांग उभाच राहिला. बाहेर हमाल पोती मोजत होता.

ती जाणार नाही, हे ऐकून न्युक मोईचा जीव भांड्यात पडला. आपल्याला बरं वाटलं, हे ध्यानात आलं तेव्हा तिची मान आणखीच खाली गेली.

फुई लानने एक कप उचलून तिच्यासमोर धरला. एकाच हाताने; एरवी ती दोन्ही हातांनी द्यायची.

"चहा घ्या, काकू."

लग्नाच्या दिवसापासून ती तिला आई म्हणत आली होती. न्युक मोई पोत्यावरून उठली आणि वडीलधाऱ्यांसमोर सुना घेतात तसा, दोन्ही हातांनी, तिने तो कप घेतला.