कागदाएवढा धक्का

आमचे मास्तर, म्हणजे माझा नवरा कॉन्स्टान्सियो, कट्टा गावच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. मी चौथीत शाळा सोडली, तरी सगळं विज्ञान मलाच ऐकावं लागलं. पोरं पळून जायची, मी चुलीशी अडकलेली.

त्यांचं एक वेड. एकही यान अवकाशात गेलं नव्हतं तेव्हाच कुणी शहाण्यांनी म्हणे मांडून ठेवलं होतं, की यान विजेनं ढकलता येईल. विजेनं भारलेले बारीक कण मागे फेकायचे, यान पुढे.

"जोर कितको?" मी विचारलं.

"हातार कागद ठेवलो तर जितको भार लागता, तितको."

"मगे माझी फुंकर काय वायट?"

"गो जेसिंता, थंय अडवूक कोण नाय. न थांबता एकाच दिशेन ढकलीत रवला, की पुरे."

यंदा त्यांना झटका आला. वाचा गेली, अंग गेलं. उजव्या हाताची बोटं तेवढी हलायची. पेज मीच भरवायची. मग त्यांनी ओठही मिटले. पेज गालावरून ओघळायची.

नेव्हिल, माझा मुलगा, गोव्याहून गाडी घेऊन आला.

"माय, उद्या तेंका न्हेतलंय. नाकातसून पोटात नळी घालतले. मगे जगतले."

"तेंका विचारलंस?"

"तेंका काय समाजता? हात हलता ती नुसती थरथर. डॉक्टरच म्हणालो."

डॉक्टर शिकलेला. पण थरथर इकडेही जाते नि तिकडेही. मी मास्तरांचा हात उचलून माझ्या मनगटाला टेकवला आणि चमचा ओठांशी नेला. बोटाचा भार लागला. कागदाएवढा. मी चमचा तसाच धरून ठेवला. बोट सुटलं नाही, मागेही फिरलं नाही. ढकलत राहिलं, तोंडापासून लांब, एकाच दिशेला.

इथे अडवणारी मीच होते.

मी हात सैल सोडला. चमचा हळूहळू दूर गेला.

"शेवटच्या प्रार्थनेक फादरांका बोलय," मी नेव्हिलला म्हटलं. "गाडी नको."

"माय, तू मारतंस तेंका!"

"गप रव. तुझो बापूस शिकवी तेव्हा पळालंस. आता माका शिकव नको."

तो रडत बाहेर गेला. पेज मोरीत ओतून मी आले, तर बोट चादरीवर निवांत पडलेलं. मी उशाशी बसले. हातांना काही काम उरलं नव्हतं.