देवाचं बेअरिंग गेलंय

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर एक लांब लाकडी बाक, चारही बाजूंनी रेशमी कापड सोडलेलं. त्यावर दहा माणसं डोळे मिटून बसलेली आणि पुढ्यात नादगुरू ओठ मिटून 'हूंऽऽ' करत होते. हुंकार चढला की बाक थरथरायचा. माणसं घळाघळा रडायची आणि हसत उठायची.

"मेंदूत अमृत पाझरतंय!" गुरू गरजले. "अमृत मिळाल्यावर गोळ्या कशाला?"

वॉशिंग मशीन दुरुस्त करणारी सूनबाई दाराशी हाताची घडी घालून उभी होती. सासरे गेल्यावर सासूबाई मनाने पार खचल्या होत्या. डॉक्टरांच्या गोळ्यांनी कुठे माणसांत येत होत्या, तोच गुरूंचं ऐकून त्यांनी गोळ्या बंद केल्या. आता पुन्हा झोप नाही, जेवण नाही. बाकावरून उतरल्यावर तासभर काय तो उत्साह.

"तू बसून तर बघ," सासूबाई म्हणाल्या. "छातीत देव बोलतो."

ती त्यांच्या शेजारी बाकावर बसली. छातीत खरंच गोड गुदगुल्या झाल्या. पण हुंकाराच्या आडून खर्रखर्र ऐकू आली आणि तिने कान टवकारले. वीस वर्षं ती याच आवाजावर पोट भरत होती.

"आई, तुमच्या देवाचं बेअरिंग गेलंय."

"गप गं! प्रश्न विचारले तर पाप लागतं, गुरूच सांगतात."

एवढ्यात गुरूंना जोराचा ठसका लागला. हुंकार बंद पडला. बाक मात्र थरथरतच राहिला!

सूनबाईने वाकून कापड वर केलं. खाली एक मोटर फिरत होती, चाकाच्या एकाच बाजूला लोखंडी वजन बांधलेलं.

"मशीनमध्ये ओली चादर एका बाजूला गोळा झाली की मशीन कसं नाचतं? तसंच हे."

"ते... ते नादशक्ती साठवायचं यंत्र आहे," गुरू पुटपुटले.

"मग विजेवर कशाला चालतं?" तिने प्लग उपटला. बाक जागच्या जागी थांबला.

"पण मला बरं वाटायचं गं," सासूबाई म्हणाल्या.

"वाटणारच, आई. मलासुद्धा वाटलं. संथ आवाज, सावकाश श्वास, शेजारी चार माणसं, त्याने मन हलकं होतंच. ते आपल्या शरीराचंच काम आहे, यांचं नाही."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. "गाणी खुशाल ऐका, गुणगुणा," ते म्हणाले. "फक्त औषध मला न विचारता सोडू नका."

दोन महिन्यांनी सासूबाई स्वयंपाकघरात गाऊ लागल्या. इतक्या बेसूर, की शेजारीण खिडकी लावून घ्यायची. पण जेवायच्या मात्र पोटभर.

बरं वाटणं वेगळं, बरं होणं वेगळं. मन रमवायला गाणं पुरेल. आजाराला उपचारच हवेत. आणि जो प्रश्न विचारू देत नाही, त्याच्यापासून चार हात लांबच राहावं.